वर्गातील अबोल मूल व शिक्षकांचा उजळणी वर्ग

जून महिन्यात शाळा उघडते. पटनोंदणी पार पडते, पाड्यावरील मुलांची नावे हजेरीपटावर चढतात, नवागतांचे स्वागत होते. पहिल्या दिवशी मुले कुतूहलाने येतात. त्यांतील काही मुले मात्र आठवड्याभरात अबोल होतात. नाव विचारले तरी मान खाली घालतात. फळ्यावरचे वाचावयास सांगितले तर शेजाऱ्याकडे पाहतात. हीच मुले घरी, रानात, ओढ्यावर दिवसभर बोलत असतात, हे शाळेच्या गावीही नसते. दिवाळीची सुटी लागते, आणि आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर गेलेले मूल परतते ते थेट पावसाच्या तोंडाशी. मधल्या काळात त्याचे नाव हजेरीपटावर असते; मूल शाळेत नसते.

दारिद्र्य, स्थलांतर, घरातील कामाचा भार ही गळतीची कारणे सर्वांस ठाऊक आहेत व ती एकट्या शिक्षकाने दूर होण्यासारखी नाहीत. परंतु जून ते दिवाळी या काळात मूल वर्गात बोलते झाले की नाही, ही गोष्ट बव्हंशी शिक्षकाच्या हाती असते. ज्या मुलास शाळेत आपले काही आहे असे वाटू लागले, ते भट्टीवरून परतल्यावर शाळेची वाट धरण्याचा संभव अधिक. ज्यास चार महिन्यांत एकदाही तोंड उघडता आले नाही, त्याने पुन्हा का यावे? यास्तव वंचित मुलांच्या शिक्षकांसाठी जे उजळणी वर्ग भरतात, त्यांचा पहिला हेतू एकच असावा: अबोल मुलास बोलते करण्याची रीत शिक्षकाच्या अंगवळणी पाडणे. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा विचार केला आहे.

१. अबोलपणाचे मूळ

मूल बोलत नाही याचा अर्थ त्यास काही येत नाही, असा सर्रास काढला जातो. वस्तुतः त्यास जे येते ते शाळा विचारीत नाही, आणि शाळा जे विचारते ते त्याच्या भाषेत नसते. येथे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार, घरची भाषा मराठीहून सर्वस्वी भिन्न असणाऱ्या मुलांचा. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मुंडा गटातील भाषा होय. गडचिरोली जिल्ह्यातील गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत. या मुलांस मराठी ही परकी भाषा आहे. पाण्यास ‘डा’ म्हणणाऱ्या कोरकू मुलासमोर ‘पाणी’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तर त्यास दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात: अक्षर आणि शब्द. एक पायरी चढावयाची तेथे दोन पायऱ्या एकदम चढण्यास सांगितल्यासारखे हे होते.

दुसरा प्रकार, घरची बोली मराठीस जवळची असणाऱ्या मुलांचा. वारली, कातकरी, अहिराणी इत्यादी बोली बोलणारी मुले शिक्षकाचे बोलणे थोडेफार समजतात. येथे संकट निराळेच असते. शिक्षकास ही वेगळी बोली न वाटता बिघडलेली मराठी वाटते, व प्रत्येक वाक्यास तो ‘असे नाही, असे म्हण’ म्हणून अडवितो. दोनचार वेळा अडविले गेलेले मूल पाचव्या वेळी बोलतच नाही. पहिल्या प्रकारात मुलास शब्द सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात सापडलेला शब्द उच्चारण्याची त्यास भीती वाटते. उपाय करण्यापूर्वी आपल्या वर्गातील मूल कोणत्या प्रकारचे आहे, हे शिक्षकाने ठरविले पाहिजे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ याच विषयास स्पर्श करते. अध्यापन शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून असावे, कृती व शोध यांच्या द्वारा असावे, आणि मुलास भय, दडपण व चिंता यांपासून मुक्त करून आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे ते सांगते. अबोल मुलास बोलते करणे हे अशा रीतीने शिक्षकाचे विधिविहित कर्तव्यही आहे.

२. कोसबादचा धडा

या कामी महाराष्ट्रास स्वतःचाच एक मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील बालमंदिरे सुस्थित घरांतील मुलांपुरती राहतात, खेड्यातील गरीब मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंपुढे होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात नेण्यात आले. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. ताराबाईंचे निधन १९७३ साली व अनुताईंचे १९९२ साली झाले.

बोर्डी-कोसबाद येथे जे घडले त्यातील तीन गोष्टी प्रत्येक उजळणी वर्गात सांगण्याजोग्या आहेत.

पहिली, अंगणवाडी. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घरापुढील अंगणात भरविण्यात आली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यानंतर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर घरोघरी पोचला.

दुसरी, कुरणशाळा. गुरे चारावयास जाणारी मुले दिवसा शाळेत बसू शकत नव्हती. गुरे राखणे हा त्यांच्या घरच्या पोटापाण्याचा भाग होता. म्हणून शाळाच कुरणात गेली. झाडाखाली, गुरांवर नजर ठेवीत मुले शिकू लागली.

तिसरी, विकासवाडी. धाकट्या भावंडास सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही, हे पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकाच आवारात सांगड घालण्यात आली. कडेवरच्या बाळास जागा मिळाली, तेव्हा ताईस शाळा मिळाली.

साधनांच्या बाबतीतही हेच धोरण होते. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती, तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंवर भर देण्यात आला. मुलास परिचित असलेली वस्तू त्याच्या हाती दिली की हात आधी चालू लागतो व मागोमाग जीभ.

या तिन्ही प्रयोगांत सूत्र एकच आहे. मुलाच्या अडचणीस त्याचा दोष न मानता तेथूनच शाळेची आखणी करण्यात आली. आजच्या जिल्हा परिषद शाळेस कोसबादची नक्कल करता येईलच असे नाही. ते सूत्र मात्र प्रत्येक शिक्षकास उचलता येईल.

३. उजळणी वर्ग कसा घ्यावा

बहुतेक उजळणी वर्गांत कृतियुक्त अध्यापनावर तासभर व्याख्यान होते. शिक्षक ते निमूटपणे ऐकतात, टिपणे काढतात, व शाळेत परतल्यावर पूर्वीप्रमाणेच शिकवितात. यात त्यांचा अपराध नाही. जी रीत त्यांनी हाताने केली नाही, ती ते वर्गात कशी करणार? ‘मुलांस बोलते करा’ हे न बोलू दिलेल्या शिक्षकांस सांगण्यात मुळातच विसंगती आहे. यास्तव वर्गाची आखणी पुढीलप्रमाणे असावी.

पहिला अनुभव: शिक्षक मुलाच्या जागी. केंद्रातील एखाद्या शिक्षकाची मातृभाषा कोरकू, गोंडी, भिली यांपैकी असेल, तर त्यास बेरजेचा दहा मिनिटांचा पाठ आपल्या भाषेत घेण्यास सांगावे. असा शिक्षक नसेल तर पाड्यावरील एखाद्या आजीबाईंस सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून घरगुती कामाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यावयास सांगाव्यात. मराठीचा एक शब्दही वापरू नये. मध्येच एखाद्या ज्येष्ठ शिक्षकास उभे करून प्रश्न विचारावा. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले गुरुजी अशा वेळी मान खाली घालतात व शेजाऱ्याकडे पाहतात. वर्गात हशा पिकेल. तो ओसरू द्यावा. मग एवढेच विचारावे, “आता आपणांस काय वाटले?” उत्तरे फळ्यावर लिहावीत. ‘लाज वाटली’, ‘तास केव्हा संपतो असे झाले’, ‘येत असूनही सांगता येईना’ अशा स्वरूपाची ती असतात. त्या फळ्याखाली कोणतेही स्पष्टीकरण लिहिण्याची आवश्यकता नसते.

त्यानंतर तोच पाठ त्याच अपरिचित भाषेत, परंतु खडे हाती देऊन, हावभावांसह व दोघादोघांच्या जोड्या करून पुन्हा घ्यावा. या वेळी तेच गुरुजी संख्यांचे दोनचार शब्द उच्चारू लागतात. भाषा तीच, विद्यार्थी तेच. बदलली ती केवळ रीत. हा फरक ज्याने स्वतः भोगला, त्यास व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुसरा अनुभव: वस्तीची फेरी. वर्गाचा एक अर्धा दिवस शेजारच्या पाड्यासाठी राखून ठेवावा. शिक्षकांनी दोघा-तिघांच्या गटाने घरी जावे. पालकांस उपदेश करू नये. मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करते याची नोंद घ्यावी, व कामाची, नात्यांची, जनावरांची, झाडाझुडपांची, खाण्यापिण्याची नावे त्यांच्या भाषेत टिपून आणावीत. असे शंभर शब्द जमले की शिक्षकाची ‘शब्दवही’ तयार झाली. पुढील वर्षभर ही वही त्याच्या टेबलावर असावी. सात वर्षांची मुलगी पाणी भरते, भाऊ सांभाळते, मोहाची फुले वेचते, वाटेतील पाच झाडांचे उपयोग सांगते, हे प्रत्यक्ष पाहिलेला शिक्षक तिला ‘ढ’ म्हणण्यास धजावणार नाही.

तिसरा अनुभव: पाठ घेणे व दुरुस्त करणे. प्रत्येक शिक्षकाने जवळच्या शाळेतील खऱ्या मुलांसमोर एक लहान पाठ घ्यावा. निरीक्षकांनी शिक्षकाच्या बोलण्याची टिपणे घेऊ नयेत. कोणते मूल किती वेळा बोलले, याच्या खुणा मुलांच्या नावांपुढे कराव्यात. पाठ संपल्यावर तो कागद शिक्षकापुढे ठेवावा. पहिल्या दोन बाकांवरील चौघेच बोलले, हे त्यास आपोआप दिसेल. दुसऱ्या दिवशी तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यावा.

४. नमुना पाठ: दशक व एकक

इयत्ता दुसरी. साधने: जळाऊ लाकडांच्या बारीक काड्या, बांधावयास वाख किंवा गवताची दोरी, खडे.

पूर्वज्ञान जागृत करणे. शिक्षकाने विचारावे, “शेळ्या रानातून परतल्या की सगळ्या आल्या, हे कसे ओळखता?” मुले बहुधा सांगतील की, शेळ्या त्यांना ओळखू येतात, पांढरी, कानफाटी, लंगडी अशी त्यांची नावे असतात. हे उत्तर शिक्षकाने चुकीचे ठरवू नये. जो प्रत्येक शेळी ओळखतो त्यास मोजण्याची गरजच पडत नाही. मग विचारावे, “दुसऱ्याच्या शेळ्या राखावयास घेतल्या तर?” येथे मोजण्याची गरज मुलांसच जाणवते. प्रत्येक शेळीमागे एक खडा ठेवावा, असे कोणीतरी सुचवील. न सुचविल्यास शिक्षकाने करून दाखवावे.

विकसन. पंचेचाळीस काड्या जमिनीवर पसरून “किती?” म्हणून विचारावे. निरनिराळे अंदाज येतील. मोजताना चूकही होईल. मग दहा-दहांच्या जुड्या बांधावयास सांगाव्यात. बांधण्याचे काम मुलांनीच करावे. मोळी बांधण्याचा सराव असलेले अबोल मूल या वेळी सर्वांपुढे जाते, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे. चार जुड्या व पाच सुट्या काड्या होतात. कित्येक घरी वडीलधारी माणसे विसांनी मोजतात. एखादे मूल “दोन वीस अन् पाच” असे म्हणाले, तर ते उत्तर फळ्यावर लिहून दोन जुड्यांचे एक वीस होते हे काड्यांनीच पडताळून घ्यावे. आजीचे गणित शाळेत खरे ठरले, हा आनंद त्या मुलास पुष्कळ दिवस पुरतो.

अडचणीचे स्थळ. ‘पंचेचाळीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात व चाळीस मागाहून; लिहिताना मात्र चार आधी येतात. त्यामुळे ४५ च्या जागी ५४ लिहिणारे मूल आळशी वा मंद नसते; कानांनी जे ऐकले तेच ते क्रमाने लिहिते. ही अडचण ध्यानी घेऊन २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात प्रचलित संख्यानामांच्या जोडीस ‘वीस पाच’ या धर्तीचे वाचन देण्यात आले, तेव्हा त्यावर महाराष्ट्रात बराच वादही झाला. त्या वादाचा निर्णय कसाही होवो, चार जुड्या डावीकडे व पाच सुट्या उजवीकडे मांडून त्यांच्याखाली अंक लिहविले की ही चूक कमी होते.

दृढीकरण व उपयोजन. जोडीतील एका मुलाने संख्या सांगावी, दुसऱ्याने काड्या मांडाव्यात. मग अदलाबदल करावी. घरी जाऊन चुलीजवळच्या काड्यांच्या किती जुड्या होतात ते मोजून यावे, एवढाच गृहपाठ द्यावा.

५. भाषेच्या पाठाविषयी

वाचनाचा आरंभ मुलाच्या स्वतःच्या वाक्याने करावा. सकाळी एका मुलाने आदल्या दिवशीची एखादी घटना आपल्या भाषेत सांगावी. शिक्षकाने ते वाक्य देवनागरीत जसेच्या तसे फळ्यावर लिहावे व त्याखाली तोच आशय सोप्या मराठीत लिहावा. मुलाने आपले वाक्य बोट ठेवून वाचावे. ते त्याचेच असल्यामुळे त्यास वाचता येते. मग खालचे वाक्य सर्वांनी मिळून वाचावे. मराठी शिकविण्याचे काम यामुळे मागे पडत नाही. मूल आपल्या भाषेच्या आधाराने मराठीत प्रवेश करते, ज्याप्रमाणे लहान मूल भिंतीचा आधार घेऊन चालावयास शिकते. चालू लागल्यावर भिंत आपोआप सुटते.

वाक्याची दुरुस्ती करावयाची झाल्यास बोलण्याच्या ओघात करू नये. मूल जे म्हणाले त्याचा आशय शिक्षकाने प्रमाण मराठीत सहजपणे पुन्हा उच्चारावा. “चुकले” हा शब्द वापरू नये.

६. काही सावधगिरीच्या सूचना

(अ) गाणी, गोष्टी व खेळ म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. खेळ संपल्यावर मुलास काय आले, याचे उत्तर शिक्षकाजवळ नसेल तर तो तास वाया गेला असे समजावे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचता यावे व मूलभूत गणित यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. गोडीच्या नावाखाली त्याचा विसर पडू नये.

(आ) साधने कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नसतात. मुलांच्या हाताने झिजलेले साधन हे चांगल्या शाळेचे लक्षण होय.

(इ) द्विशिक्षकी शाळेत जोडवर्ग अपरिहार्य असतात. एका गटास काड्या-खड्यांचे काम जोडीने करावयास देऊन दुसऱ्या गटाचा पाठ घ्यावा. मोठ्या मुलांनी लहानांस त्यांच्या भाषेत समजावून देणे, हे अशा शाळेचे खास सामर्थ्य आहे.

(ई) धाकटे भावंड घेऊन आलेल्या मुलीस परत पाठवू नये. वर्गाच्या एका कोपऱ्यात सतरंजी अंथरावी, शक्य तेथे शेजारच्या अंगणवाडीशी संधान बांधावे.

(उ) स्थलांतराचे दिवस जवळ येताच प्रत्येक कुटुंब कोठे जाणार याची चौकशी करावी. मूल मागे राहू शकत असेल तर त्याची सोय पाहावी. जाणार असेल तर त्याची शब्दवही व एखादे सोपे पुस्तक त्याबरोबर द्यावे, आणि ज्या गावी ते जाणार तेथील शाळेस कळवावे.

७. वर्ग संपल्यानंतर

उजळणी वर्गाची खरी परीक्षा समारोपाच्या दिवशी होत नाही. ती महिन्याभराने शाळेत होते. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास केवळ या विषयासाठी ठेवावा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एकाच अबोल मुलाविषयी सांगावे: ते कोण, घरी काय करते, त्याच्यासाठी काय केले, आणि फरक काय पडला. फरक पडला नसेल तर तसे निःसंकोचपणे सांगावे. सहकारी उपाय सुचवतील. मोठमोठ्या अहवालांपेक्षा अशा दहा मुलांची हकीगत केंद्रास अधिक शिकवील.

शाळाभेटीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीही दप्तर तपासण्यापूर्वी शिक्षकास दोन प्रश्न विचारावेत. आज वर्गात कोण कोण बोलले? आणि कोण बोलले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. दुसऱ्याचे उत्तर जो शिक्षक नावानिशी देऊ शकतो, त्याच्या वर्गात ते मूल फार दिवस अबोल राहणार नाही, आणि दिवाळीनंतर ते दूर गेले तरी त्याची वाट पाहणारे कोणीतरी शाळेत असेल.